पावसातला पोल आणि टायरची ऊब

14 नोव्हेंबर 2020, शनिवार. इस्तंबूल पार्कवर तुर्की ग्रां प्रीची पात्रता फेरी संपली तेव्हा वेळेच्या फलकावर पहिलं नाव लान्स स्ट्रोलचं होतं. रेसिंग पॉइंटची गुलाबी गाडी, 1 मिनिट 47.765 सेकंद. त्या मोसमात तोवर झालेल्या प्रत्येक शर्यतीत पोल, म्हणजे शर्यत सुरू करायची पहिली जागा, मर्सिडीजकडे गेला होता. इथे मात्र मर्सिडीजचा लुइस हॅमिल्टन सहावा होता, स्ट्रोलपेक्षा 4.8 सेकंदांनी मागे. त्याचा संघसहकारी वाल्टेरी बोटास नववा. एरवी पहिल्या दहांत क्वचित दिसणाऱ्या अल्फा रोमिओच्या दोन्ही गाड्या शेवटच्या टप्प्यात पोचल्या होत्या आणि किमी रायकोनेन बोटासच्या एक जागा पुढे होता.

चारच महिन्यांपूर्वी ऑस्ट्रियातल्या रेड बुल रिंगवर धो धो पाऊस होता. तिथे याच हॅमिल्टनने याच गाडीतून मॅक्स वेर्स्टापेनला 1.2 सेकंदांनी मागे टाकून पोल घेतला होता.

पाऊस आला की गाड्यांमधला फरक पुसला जातो आणि ड्रायव्हरचं कसब तेवढं उरतं, असं समालोचक पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. मला ते पटत नाही. कौशल्य लागतंच, भरपूर लागतं. पण या दोन शनिवारांमध्ये हॅमिल्टन गाडी चालवायला विसरला नव्हता. ओल्या ट्रॅकवरही यंत्राचा वाटा तेवढाच असतो. यंत्राला विचारलेला प्रश्न तेवढा बदलतो. ही गाडी, या ट्रॅकवर, टायरमध्ये किती उष्णता भरू शकते आणि ती किती वेळ टिकवू शकते, हा तो प्रश्न.

2011 पासून फॉर्म्युला वनला टायर एकटी पिरेली पुरवते. कोरड्यासाठी गुळगुळीत स्लिक, ओलसर ट्रॅकसाठी हिरव्या पट्ट्याचा इंटरमीडिएट, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘इंटर’, आणि साचलेल्या पाण्यासाठी निळ्या पट्ट्याचा फुल वेट. पिरेलीच्या आकड्यांनुसार ताशी 300 किलोमीटर वेगाला एक इंटर सेकंदाला 30 लिटर पाणी बाजूला फेकतो, फुल वेट 85 लिटर. पाणी हटलं नाही तर टायर त्याच्यावर तरंगतो, आणि मग स्टिअरिंग फिरवून काही होत नाही.

पण पाणी उपसणं हे या टायरचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं डांबराला धरून ठेवायचं, आणि त्यासाठी रबर गरम हवं. थंड रबर कडक राहतं. डांबराच्या बारीक खडबडीत ते बसत नाही. ही ऊब येते कुठून? खाचांमधले रबराचे ठोकळे वळणावर वाकतात, घासतात, त्यातून. कार्बनच्या ब्रेक डिस्कमधली धग रिमवाटे आत शिरते, त्यातून. आणि विंग व तळ मिळून गाडीला जे खाली दाबतात, त्या डाउनफोर्समधून. उलट पाणी ही ऊब प्रत्येक मीटरला चोरत असतं. ट्रॅक सुकू लागला की सगळंच उलटतं. मऊ ठोकळे तापून सोलवटू लागतात आणि मघाशी डबकी चुकवणारा ड्रायव्हर सरळ पट्ट्यात मुद्दाम डबकं शोधून त्यात चाकं बुडवतो.

इस्तंबूलला यात आणखी भर पडली. ट्रॅकवर नुकतंच नवं डांबर घातलं होतं आणि त्यातलं तेल वर येत होतं. पहिल्या पावसात आपल्याकडे दुचाकी जशी बघता बघता आडवी होते, तशा तिथे जगातल्या सर्वांत महागड्या गाड्या गिरक्या घेत होत्या. पकड नाही म्हणून टायरवर ताण येत नाही, ताण नाही म्हणून ऊब नाही, ऊब नाही म्हणून पकड नाही. टायर जपून वापरणं हा मर्सिडीजचा मोठा गुण. कोरड्या शर्यतीत त्याने त्यांना कित्येक विजय दिले. त्या थंड दुपारी तोच गुण आडवा आला. स्ट्रोलची गाडी तर आदल्या वर्षीच्या मर्सिडीजवरून बेतलेली होती, तरी तिला टायर तापवता आले. वेर्स्टापेन फुल वेटवर सगळ्यांत वेगवान दिसत होता, शेवटच्या टप्प्यात इंटर चढवल्यावर त्याला तेवढा वेग सापडला नाही आणि 0.290 सेकंदांनी पोल हुकला.

अशा वेळी गाडीची जुळणीच, म्हणजे सेटअपच, बदलून का घेत नाहीत? पूर्वी घेत. पावसाचा सेटअप ही वेगळी चीज असायची: मऊ स्प्रिंग, सैल अँटी-रोल बार, उंचावलेली गाडी, उभ्या कोनातली विंग. पकड कमी असते तेव्हा ताठ सस्पेन्शन काहीही सूचना न देता सुटतं. मऊ गाडी आधी कलते, बाहेरच्या टायरवर भार टाकते, तो भार त्याला तापवतो, आणि ड्रायव्हरलाही सावरायला क्षणभर मिळतो. 2003 पासून मात्र पार्क फर्मेचा नियम आहे: पात्रता फेरीत जो सेटअप, तोच शर्यतीत. पुढच्या विंगचा फ्लॅप, टायरमधली हवा अशा मोजक्या गोष्टी हातात राहतात. त्यातली हवा फार मोलाची. थोडी जास्त भरली की टायरचा मधला भाग फुगतो आणि पाणी नीट कापतो. पण ट्रॅक सुकला तर तोच भाग आधी जळतो.

म्हणजे शनिवारी पाऊस आणि रविवारी ऊन असा अंदाज असेल, तर इंजिनिअरला दोनपैकी एक दिवस निवडावा लागतो. मोठी विंग शनिवारी टायर तापवेल, रविवारी सरळ पट्ट्यात प्रतिस्पर्ध्याला वाट करून देईल. 2022 ते 2025 मधल्या ग्राउंड इफेक्ट गाड्यांनी ही कोंडी आणखी घट्ट केली. त्यांचा डाउनफोर्स मुख्यतः तळातून येई आणि त्यासाठी गाडी जमिनीला जवळजवळ चिकटून चालवावी लागे. साचलेल्या पाण्यात तळाची फळीच पाण्यावर टेकते आणि चाकांवरचा भार निघून जातो. फुल वेटचा घेर स्लिकपेक्षा थोडा मोठा ठेवतात तो यासाठीच. टायर बदलला की गाडी आपोआप किंचित उचलली जाते.

मग उरतं घड्याळ. 2025 पर्यंत पात्रता फेरीचे तीन टप्पे 18, 15 आणि 12 मिनिटांचे होते. ट्रॅक सुकत असेल तर शेवटी रेषा ओलांडणारा जिंकतो, पाऊस वाढत असेल तर सर्वांत आधी निघालेला. 11 नोव्हेंबर 2022 ला इंटरलागोसवर हासचा केव्हिन मॅग्नुसेन स्लिकवर, पिटच्या तोंडाशी पहिल्या नंबरावर उभा होता. त्याची एक फेरी झाली, जॉर्ज रसेल वाळूत रुतला, सत्र थांबवणारा लाल झेंडा लागला आणि पाऊस उतरला. हासच्या इतिहासातला तो पहिला पोल. फेरारीने शार्ल लक्लेअरला पाऊस लगेच येईल या हिशेबाने एकट्याला इंटरवर पाठवलं होतं. तो दहावा राहिला. काही मिनिटं आधी आभाळ फुटलं असतं तर त्याच निर्णयाला दूरदृष्टी म्हटलं गेलं असतं. 2024 मध्ये तिथेच पावसाने पात्रता फेरी रविवार सकाळवर गेली आणि तीत पाच वेळा लाल झेंडा लागला. त्यातल्या एकाने वेर्स्टापेनला बाराव्या जागेवर अडकवलं. इंजिनच्या दंडामुळे तो शर्यतीत सतरावा सुटला आणि जिंकला.

मला खंत आहे ती निळ्या पट्ट्याची. 2023 मध्ये मोनॅकोपासून पिरेलीने आधी ब्लँकेटमध्ये तापवावा न लागणारा नवा फुल वेट आणला. पण त्याची गरज पडावी इतकं पाणी साचलं की बहुतेकदा सत्रच थांबतं, कारण मागच्या ड्रायव्हरला तुषारांच्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही. 2021 मध्ये स्पाच्या पात्रता फेरीत पहिले दोन्ही टप्पे गाजवलेला लँडो नॉरिस तिसऱ्यात ओ रूजच्या चढावर आदळला. दुसऱ्या दिवशी तर सेफ्टी कारमागून चार फेऱ्याही नीट झाल्या नाहीत. तुषार अडवायला 2023 च्या जुलैत सिल्व्हरस्टोनवर चाकांवर झाकणं बसवून चाचणी झाली. फरक पुरेसा पडला नाही. पाणी चाकं उडवतात हे खरं, पण बरंचसं उडतं ते तळाखालून ओढलं जाऊन मागच्या डिफ्यूझरमधून, म्हणजे टायरला दाबून ऊब देणाऱ्या त्याच तळामुळे.