अकीकाची कुळकथा

काळ्या जमिनीत नांगर फिरला की मधूनमधून गारगोट्या वर येतात. शेतकरी त्या बांधावर टाकतो. जव्हेरी मात्र त्यांतीलच एखादी उचलून उन्हात धरून पाहतो. गारगोटी, स्फटिक व अकीक ही सिलिका या एकाच द्रव्याची रूपे होत. व्यापाराशी ज्यांचा इतका जुना संबंध, त्या खड्यांची कुळकथा वाचकांपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते.

सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थर पसरले. रस थिजताना त्यांत वायूंच्या पोकळ्या राहिल्या. या काळ्या पाषाणात जवळजवळ निम्मी सिलिका असते. परंतु ती लोह, चुना आदींशी बांधलेली, मोकळी नव्हे. खडकात पाणी मुरले की ते बंधन सैल होते. काही सिलिका पाण्याबरोबर पोकळ्यांत जाऊन थराथराने बसते, आणि पट्टेदार अकीक घडतो. बरीचशी चिकणमातीत गुंतते. तिच्यामुळेच काळी जमीन ओल धरते. गोव्यात व बेळगावच्या घाटमाथ्यावर पर्जन्य अधिक. तेथे पाणी सिलिका वाहून नेते व मागे लोहमय जांभा उरतो.

खडकाचा मुरूम होतो, मुरमाची माती होते. अकीक मात्र टिकतो. नद्यांनी वाहून आणलेल्या अशाच गोट्यांच्या प्राचीन थरांतून भडोच जिल्ह्यात रतनपूरजवळ तो खणून काढतात. भाजला असता त्यांतील लोहामुळे तो लाल होतो, आणि खंबायतच्या कारागिरांच्या हाती त्याचे मणी बनतात. ही विद्या फार जुनी. लोथलच्या उत्खननात हडप्पाकालीन मण्यांचा कारखानाच सापडला आहे.

परंतु या कथेस दुसरीही बाजू आहे. मातीत बांधलेली सिलिका पीक पोसते; अकीक घासताना उडणारी मोकळ्या सिलिकेची सूक्ष्म धूळ मात्र फुप्फुसांत रुतते. त्यातून सिलिकोसिस जडतो. तो बरा करणारे औषध नाही, आणि क्षयाचाही धोका वाढतो. खंबायतेत कित्येकांचे चाक राहत्या घरीच फिरत आले. त्यामुळे ही धूळ बायकामुलांच्या व शेजाऱ्यांच्याही श्वासात गेली.

पाणी सोडून घासणे, धूळ ओढून घेणारी यंत्रे बसविणे, चाक घरापासून दूर नेणे, हे उपाय ज्ञात आहेत. प्रश्न खर्चाचा आहे. आमच्या मते तो खर्च मालाच्या किंमतीतच धरला पाहिजे. खड्याची पारख करणाऱ्या व्यापाऱ्याने तो कोणत्या परिस्थितीत घासला गेला, हेही विचारावे. ज्या मण्याच्या भावात कारागिराचा श्वास धरलेला नाही, तो स्वस्त म्हणता येणार नाही.