हजार गाठींची ठेव

दुसऱ्या महायुद्धात आघाडीवर निघालेल्या जपानी सैनिकाजवळ बहुधा घरून आलेली दोन कापडे असत. पहिले योसेगाकी हिनोमारू, म्हणजे घडी घालून खिशात मावणारे निशाण. त्यावर लाल सूर्याभोवतीच्या पांढऱ्या जागेत घरचे, शेजारी, शाळासोबती शाईने आपापली नावे लिहीत. दुसरा पोटाला बांधायचा पट्टा, सेन्निनबारी. आई किंवा बायको रस्त्यावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांकडून त्यावर एकेक गाठ घालून घेई, अशा हजार गाठी. व्याघ्रवर्षात जन्मलेलीला मात्र वयाइतक्या गाठी घालता येत, कारण वाघ हजार कोस गेला तरी परत येतो अशी समजूत. कुणी त्यात पाच सेनचे नाणे शिवी. ‘शिसेन’ म्हणजे चार सेन आणि मृत्यूची सीमाही. पाच सेन त्या सीमेपलीकडचे. मुलाला ‘जिवंत परत ये’ असे उघड म्हणायची सोय नव्हती, तेव्हा बायकांनी ते नाण्यातून आणि दोऱ्यातून म्हटले.

ही कापडे मृतांच्या अंगावरून निघाली आणि आठवण म्हणून अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्रिटनमधल्या घरांत गेली. तलवार किंवा बंदूक जेत्याने नेली तर समजू शकते. ती शस्त्रे होती. नावे लिहिलेले कापड मात्र लूट नव्हे, ठेव आहे, आणि ती मूळ घरी पोहोचवलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. त्याला त्याच काळाच्या कायद्याचा आधार आहे. मृतांजवळ सापडलेल्या खासगी वस्तू गोळा करून शत्रुपक्षाकडे पाठवाव्यात, असे 1929 च्या जिनिव्हा करारात स्पष्ट लिहिले होते आणि तो करार अमेरिका व जपान दोघांनीही मान्य केला होता. दुसरा आधार खुद्द मृतांचा. अमेरिकी नौदलात दुभाषी असलेले, पुढे जपानी साहित्याचे थोर अभ्यासक झालेले डोनाल्ड कीन यांच्यापुढे रणांगणावरच्या रोजनिश्या वाचनासाठी येत. काहींच्या शेवटच्या पानावर इंग्रजीत विनंती असे: युद्ध संपल्यावर ही वही माझ्या घरी द्या. कीन यांनी त्या लपवून ठेवल्या, पण झडतीत त्या जप्त झाल्या.

या विनंतीचे वजन कळायचे तर मागे राहिलेल्या घरांत काय पोहोचले ते पाहावे. ओकिनावा आणि इवोजिमा धरून सुमारे 24 लाख जपानी मायभूमीबाहेर मेले. त्यांपैकी 11 लाखांहून अधिक जणांच्या अस्थी अजून परतलेल्या नाहीत. कित्येक घरांना पांढऱ्या कापडात गुंडाळलेली पेटी मिळाली. आत दगड, वाळू किंवा नाव लिहिलेला कागद. अशा घरी हे निशाण येते तेव्हा त्या माणसाच्या देहाला लागलेली तेवढी एकच वस्तू परत आलेली असते.

यावर गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. याच निशाणाखाली 1937 मध्ये नानकिंगचे आणि 1945 मध्ये मनिलाचे हत्याकांड झाले. निशाणे परत करणे म्हणजे त्या सैन्याला सन्मानाने घरी आणणे नव्हे काय? टेक्सासमधल्या यूएसएस लेक्सिंग्टन या युद्धनौका-संग्रहालयाने सायपानवर पडलेल्या सैनिकाचे निशाण जुलै 2023 मध्ये त्याच्या वृद्ध मुलांना दिले, तो समारंभ टोकियोतल्या, युद्धात मेलेल्यांच्या यासुकुनी मंदिरात झाला. तिथे 1978 पासून ‘अ’ वर्गाचे 14 युद्धगुन्हेगारही पूजले जातात. चीन-कोरियातल्या माणसाला हे बोचणारच, आणि मलाही ती जागा चुकीची वाटते. पण जागा चुकली म्हणून देणे चुकत नाही. निशाण उंबऱ्यापाशी द्यावे, मंत्र्यांच्या साक्षीने नको. शिवाय मुलाने वाचावीत म्हणून लिहिलेली नावे कुणी सैन्याच्या खात्यावर जमा करू नयेत. संग्रहालयात ती जपली जातात, हे खरे. पण काचेमागे ती बहुधा न वाचलेलीच राहतात. छायाचित्र ठेवून मूळ कापड देता येते. एखाद्या घराला ते नकोच असेल, तर तो नकारही त्यांचाच. म्हणून आधी विचारावे.

हाती वेळ थोडा आहे. त्या सैनिकांची मुलेही आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत. अशी निशाणे परत पोहोचवण्यासाठी ओरेगनमध्ये 2009 साली सुरू झालेल्या ओबोन सोसायटीने सैनिकाचे नाव, देवळाचा शिक्का, एखाद्या भागातच आढळणारी आडनावे यांवरून शेकडो घरे शोधली आहेत. अशी कापडे आपल्या घरांतही असू शकतात. मार्च 1944 मध्ये मणिपुरातल्या सांगशाक इथे जपान्यांना अडवणाऱ्यांत मराठा रेजिमेंटची चौथी बटालियनही होती. ब्रह्मदेशच्या आघाडीवरून परतलेल्या आजोबांच्या ट्रंकेत असे लाल गोलाचे, अक्षरांनी भरलेले कापड सापडले, तर ते धुऊ नका, इस्त्री करू नका, विकू नका. दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढा आणि ती अक्षरे वाचू शकणाऱ्याकडे पाठवा.