अर्ध्या पानाचा आक्षेप

बीडमधल्या एखाद्या सरकारी कार्यालयात ‘ऑडिट आलंय’ अशी कुजबुज झाली, की कपाटाच्या किल्ल्या शोधण्यापासून धावपळ सुरू होते. कॅशबुक, प्रमाणकं, हजेरीपट, मोजमाप पुस्तिका सगळं टेबलावर येतं. खटकलेली बाब लेखापरीक्षक ‘अर्धसमास’ पत्रावर लिहितो. अर्ध्या पानावर आक्षेप, उरलेलं अर्धं उत्तरासाठी कोरं. उत्तर पटलं तर विषय मिटला, नाही तर परिच्छेद होऊन अहवालात गेला.

जिल्हा परिषद, ग्रामपंचायतींचे हिशेब 1930च्या कायद्यानुसार स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग तपासतो. शासकीय खात्यांसाठी नागपूरच्या महालेखाकार कार्यालयाचं पथक येतं.

राज्य सरकारचं जलसंधारणाचं जलयुक्त शिवार अभियान कॅगने, म्हणजे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, तपासलं, तेव्हा निवडलेल्या सहा जिल्ह्यांत बीड होतं. 120 गावं, 1,128 कामं. सप्टेंबर 2020मध्ये विधिमंडळात आलेल्या अहवालाचा निष्कर्ष असा, की 9,633.75 कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढवण्यात अभियानाला फारसं यश आलं नाही. लाखो कामांतून एवढीच का पाहिली, असं अभियानाच्या समर्थकांनी विचारलं. प्रश्न गैर नव्हता. पण परळी तालुक्यातल्या कामांवरून कृषी खात्याच्या अधिकाऱ्यांवर आणि ठेकेदारांवर गुन्हे दाखल झाले होते, हेही विसरून चालणार नाही. बांध एक तर शिवारात असतो, नाही तर फक्त मोजमाप पुस्तिकेत.

खरं दुखणं पानाच्या दुसऱ्या अर्ध्यात आहे. ‘नोंद घेण्यात आली’, ‘पुढील लेखापरीक्षणास दाखवण्यात येईल’ असं लिहिलं की वर्ष निघून जातं. लेखापरीक्षक कोणाला निलंबित करू शकत नाही. वसुली आणि विभागीय चौकशी खात्यानेच करायची. तोवर साहेबांची बदली होते किंवा ते निवृत्त होतात. निवृत्तीनंतर तर चार वर्षांपेक्षा जुन्या प्रकरणात नव्याने विभागीय चौकशी लावताच येत नाही. त्यामुळे माझ्या मते आक्षेप काढण्यापेक्षा तो जिवंत ठेवणं अवघड. बीड जिल्ह्यात मनरेगातल्या गैरव्यवहारांची चौकशी रखडली म्हणून जानेवारी 2022मध्ये औरंगाबाद खंडपीठाला थेट जिल्हाधिकाऱ्यांच्या बदलीचा आदेश द्यावा लागला, यावरून काय ते समजावं.

ग्रामपंचायतीची शेवटची लेखापरीक्षण टिप्पणी आणि तिला दिलेली उत्तरं आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा ती मागा, आणि नुसते आक्षेप नाही, उत्तरंही मोठ्याने वाचायला लावा.