वाय-फायचा पासवर्ड बदललात, पण राउटरचा? नवा राउटर सुरू करताना नेमकं काय करायचं

फायबरचं कनेक्शन द्यायला माणूस येतो. भिंतीला भोक पाडतो, वायर आत घेतो, डबा बसवतो. मग विचारतो, "नाव काय ठेवू? पासवर्ड काय देऊ?" आपण नाव म्हणून आडनाव सांगतो आणि पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर. घरातल्या सगळ्यांचे फोन जोडले जातात, एखादा व्हिडिओ लावून स्पीड बघितला जातो आणि विषय संपतो. पुढची चार-पाच वर्षं त्या डब्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. नेट बंद पडलं, तरच आठवण येते.

इथे दोन गोष्टी राहून जातात. एक म्हणजे, मोबाइल नंबर हा पासवर्ड नव्हे. तो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांकडे असतो. दुसरी म्हणजे, राउटरला दोन पासवर्ड असतात आणि त्यातला जास्त महत्त्वाचा पासवर्ड बहुतेकांना माहीतच नसतो.

एवढी काळजी कशासाठी?

कारण कनेक्शन तुमच्या नावावर असतं.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. ५० हून अधिक लोकांचा जीव गेला. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना 'इंडियन मुजाहिदीन'च्या नावाने एक ईमेल आला होता. तपास यंत्रणांनी त्याचा माग काढला, तेव्हा पत्ता निघाला नवी मुंबईतल्या सानपाड्यातल्या एका घराचा. तिथे एक अमेरिकी नागरिक राहत होता. त्याची चौकशी झाली, त्याचे कॉम्प्युटर तपासले गेले. त्याचं वाय-फाय दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं, हे पुढे तपासात समोर आलं. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला दिल्लीत झालेल्या स्फोटांच्या वेळचा ईमेलसुद्धा चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वाय-फायवरून गेल्याचं आढळलं. त्यानंतर २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी उघडी वाय-फाय नेटवर्क शोधण्याची मोहीम हाती घेतली होती.

असं का होतं? घरात दहा फोन जोडलेले असले, तरी बाहेरच्या जगाला ते सगळे राउटरच्या एकाच पत्त्यावरून आल्यासारखे दिसतात. इंटरनेट कंपनीच्या नोंदीत त्या पत्त्यापुढे ग्राहकाचं नाव असतं. शेजारच्या बिल्डिंगमधून कुणी तुमचं वाय-फाय वापरलं, तरी पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाणार.

दोन पासवर्ड म्हणजे कोणते?

पहिला वाय-फायचा. फोन जोडताना टाकतो तो. दुसरा अ‍ॅडमिन पासवर्ड, म्हणजे राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा. पहिला म्हणजे घराची किल्ली, तर दुसरा म्हणजे कुलूपच बदलण्याचा अधिकार. तो ज्याच्याकडे आहे, तो वाय-फायचा पासवर्ड बघू शकतो, बदलू शकतो, तुम्हालाच बाहेर काढू शकतो.

कारखान्यातून येताना अनेक राउटरवर युजरनेम आणि पासवर्ड दोन्हीकडे 'अ‍ॅडमिन' हाच शब्द असतो. काही नव्या राउटरवर प्रत्येक डब्यासाठी वेगळा पासवर्ड स्टिकरवर छापलेला असतो. ते त्यातल्या त्यात बरं.

राउटर कुठे ठेवायचा?

सेटिंगच्या आधी जागा. घराच्या मध्यावर, उंचावर आणि मोकळ्यावर ठेवला, तर सिग्नल सगळीकडे बऱ्यापैकी पोहोचतो. लोखंडी कपाटात, टीव्हीच्या मागे, मोठा आरसा किंवा फिश टँकच्या शेजारी ठेवला, तर सिग्नल अडतो. स्लॅब आणि जाड भिंतीही सिग्नल खातात. त्यामुळे जुन्या वाड्यात किंवा दुमजली घरात एकच राउटर पुरेलच असं नाही. तिथे केबल ओढून दुसरा राउटर बसवणं किंवा 'मेश' पद्धतीचे दोन-तीन डबे घेणं हा उपाय असतो.

फायबर कनेक्शनमध्ये वीज गेली, तरी बाहेरची लाइन अनेकदा चालू असते, बंद पडतो तो घरातला डबा. लोडशेडिंगच्या भागात राउटरसाठीचा छोटा यूपीएस लावला, तर नेट चालू राहू शकतं. घेताना राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर मात्र जुळवून बघा.

सेटिंगच्या पानावर कसं जायचं?

१. राउटर उलटा करा. मागच्या स्टिकरवर वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि सेटिंगच्या पानाचा पत्ता असतो. स्टिकरचा फोटो काढून ठेवा.

२. फोन किंवा लॅपटॉप त्याच वाय-फायला जोडा. लॅपटॉप केबलने जोडला तर उत्तम. फोन वापरत असाल, तर थोडा वेळ मोबाइल डेटा बंद करा.

३. ब्राउझरमध्ये स्टिकरवरचा पत्ता टाका. तो बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. आकडे अर्थातच इंग्रजी कीबोर्डवरून. पत्ता वरच्या पट्टीतच टाइप करा. तो गुगलवर शोधून समोर येणाऱ्या लिंकवर क्लिक करू नका. हे पान तुमच्या राउटरच्या आत असतं, इंटरनेटवर नसतं.

४. 'हे पान सुरक्षित नाही' अशी सूचना दिसू शकते. राउटरच्या पानासाठी ती नेहमीची आहे. पत्ता बरोबर टाकला असेल, तर पुढे जा आणि स्टिकरवरचं युजरनेम-पासवर्ड टाका.

काही कंपन्या यासाठी स्वतःचं अ‍ॅप देतात. त्यातही हीच कामं करता येतात.

पहिलं काम: अ‍ॅडमिन पासवर्ड बदला

हा पर्याय सहसा 'सिस्टिम', 'मॅनेजमेंट' किंवा 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' या नावाखाली सापडतो. नवा पासवर्ड वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा हवा. तो रोज लागत नाही, त्यामुळे विसरण्याची शक्यता जास्त. घरातल्या डायरीत लिहून ठेवला तरी चालेल. हल्ला करणारा सहसा इंटरनेटवरून येतो, तुमच्या कपाटातून नाही.

याची गरज २०१६ मध्ये जगाला दिसली. 'मिराई' नावाचा व्हायरससारखा प्रोग्रॅम इंटरनेटवर राउटर आणि सीसीटीव्ही कॅमेरे शोधत फिरत होता. त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्यांची यादी होती. तो एकेक जोडी लावून बघायचा आणि लागली की ते उपकरण ताब्यात घ्यायचा. अशा लाखो उपकरणांची फौज तयार झाली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी याच पद्धतीच्या हल्ल्यामुळे अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास अडखळल्या. ज्यांची उपकरणं यात वापरली गेली, त्यांच्यापैकी बहुतेकांना पत्ताही नव्हता.

घरगुती पातळीवरचा धोका आणखी जवळचा आहे. सेटिंगमध्ये शिरलेला माणूस 'डीएनएस' बदलू शकतो. डीएनएस म्हणजे इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरी. ती बदलली, की तुम्ही बँकेचा पत्ता बरोबर टाकूनही भलत्याच पानावर पोहोचू शकता. म्हणूनच बँकेच्या साइटवर ब्राउझरने सर्टिफिकेटबद्दल इशारा दिला, तर तो ओलांडून पुढे जाऊ नये.

दुसरं काम: वाय-फाय सुरू करा

मेनूमध्ये 'वायरलेस', 'वाय-फाय' किंवा 'डब्ल्यूलॅन' असं काहीतरी दिसेल. तिथे 'एनेबल'वर टिक करा. मग या तीन गोष्टी भरायच्या:

• नाव: याला 'एसएसआयडी' म्हणतात. यात आडनाव, फ्लॅट नंबर किंवा मोबाइल नंबर नको. हे नाव रस्त्यावरच्या माणसालाही दिसतं. राउटरच्या कंपनीचं नाव आणि मॉडेलही काढून टाका.

• सुरक्षा: इथे यादीतून 'डब्ल्यूपीए-३' किंवा 'डब्ल्यूपीए-२' निवडा. जुने फोन असतील, तर दोन्ही एकत्र चालणारा पर्याय घ्या. 'एईएस' आणि 'टीकेआयपी' अशी निवड आली, तर एईएस. 'वेप' नावाची जुनी पद्धत दिसली, तर ती अजिबात नको, ती २००१ मध्येच फोडली गेली आहे. 'ओपन' म्हणजे सरळ दार उघडं.

• पासवर्ड: तो ८ ते ६३ अक्षरांचा असू शकतो. इथे अवघडपणापेक्षा लांबी जास्त कामाची. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द रोमन लिपीत जोडा, मध्ये एखादा आकडा टाका. घरच्यांच्या लक्षात राहतं आणि पाहुण्यांना सांगायलाही सोपं जातं.

मोबाइल नंबर का चालत नाही? भारतातले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. आकडा मोठा वाटतो. पण डब्ल्यूपीए-२ च्या नेटवर्कला एखादा फोन जोडला जात असताना हवेतून जाणारी माहिती कुणी टिपली, तर पुढचा अंदाज लावण्याचं काम तो स्वतःच्या कॉम्प्युटरवर निवांत करू शकतो. चांगलं ग्राफिक्स कार्ड असेल, तर या सगळ्या शक्यता तपासायला काही तास पुरतात. चार शब्दांच्या लांब पासवर्डला ही युक्ती लागू पडत नाही.

'सेव्ह' केल्याबरोबर तुमचा फोन तुटेल. घाबरू नका, बिघाड झालेला नाही. नव्या नावाने आणि पासवर्डने पुन्हा जोडा. टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा यांनाही नवा पासवर्ड द्यावा लागेल.

२.४ की ५ गिगाहर्ट्झ?

आजकालचे बहुतेक राउटर दोन्ही देतात. २.४ चा सिग्नल लांबवर जातो, भिंतीही जरा बऱ्या ओलांडतो, पण वेग कमी. मायक्रोवेव्ह, ब्लूटूथ आणि शेजाऱ्यांची वाय-फाय याच पट्ट्यात गर्दी करतात. ५ चा वेग जास्त, पण एक-दोन भिंतींनंतर तो दमतो.

साधा हिशोब असा: राउटर असलेल्या खोलीत टीव्ही आणि लॅपटॉपला ५, लांबच्या खोलीसाठी आणि स्मार्ट बल्बसाठी २.४. स्वस्तातले स्मार्ट बल्ब आणि प्लग अनेकदा फक्त २.४ वरच चालतात. ते जोडले जात नसतील, तर दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं देऊन बघा. बिल्डिंगमध्ये २.४ फारच हळू चालत असेल, तर चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी कमी गर्दीचं निवडा. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत.

आणखी चार सेटिंग

गेस्ट नेटवर्क: पाहुण्यांसाठी वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. त्यावर आलेल्याला नेट मिळतं, पण सहसा घरातला लॅपटॉप किंवा कॅमेरा दिसत नाही. स्मार्ट बल्ब आणि कॅमेरेही यावरच ठेवता येतात.

डब्ल्यूपीएस: पासवर्ड न टाकता जोडण्याची सोय. यातल्या आठ आकडी पिनची पद्धत कच्ची आहे, हे २०११ मध्ये उघड झालं. राउटर ही पिन दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे सुमारे ११ हजार प्रयत्नांत ती सापडू शकते. हा पर्याय बंद करा.

रिमोट मॅनेजमेंट: घराबाहेरून सेटिंग बदलण्याची सोय. तुम्ही ती वापरत नसाल, तर बंदच असू द्या.

फर्मवेअर अपडेट: राउटरचंही सॉफ्टवेअर असतं आणि त्यातही चुका सापडतात. अपडेट आपोआप होण्याचा पर्याय असेल, तर तो चालू करा. अपडेट सुरू असताना वीज बंद करू नका.

वाय-फाय दिसतंय, पण नेट नाही. आता?

वाय-फाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोन राउटरला जोडलेला असू शकतो आणि राउटर बाहेरच्या जगाशी तुटलेला. फायबरच्या डब्यावर 'एलओएस' लिहिलेला लाल दिवा लागला किंवा लुकलुकला, तर प्रकाशाचा सिग्नलच येत नाहीये. वायर कुठे वाकली किंवा तुटली असेल. सेटिंग बदलून उपयोग नाही, तक्रार नोंदवा.

अशा वेळी अनेक जण टाचणी घेऊन मागचं 'रिसेट'चं बारीक बटण दाबतात. थांबा. ते बटण दहा-पंधरा सेकंद दाबलं, की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. तुमचे दोन्ही पासवर्ड जातात. अनेक कनेक्शनमध्ये कंपनीने दिलेलं 'पीपीपीओई'चं युजरनेम आणि पासवर्डही आतच साठवलेलं असतं. ते पुसलं गेलं, तर कंपनीचा माणूस येईपर्यंत नेट बंद. आधी नुसता बटणाने बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं. रिसेट करायचंच असेल, तर ती माहिती कंपनीकडून आधी लिहून घ्या.

नंतर काय बघायचं?

सेटिंगमध्ये 'कनेक्टेड डिव्हाइसेस' किंवा 'डीएचसीपी क्लायंट' अशी यादी असते. महिन्यातून एकदा ती उघडा आणि घरातल्या उपकरणांशी ताळा करा. हल्लीचे फोन प्रत्येक नेटवर्कवर वेगळा ओळख क्रमांक वापरतात, त्यामुळे एखादं नाव अनोळखी दिसलं म्हणून लगेच चोर समजू नका. एकेक उपकरणाचं वाय-फाय बंद करून यादीतून काय जातं ते बघा. तरीही हिशोब लागला नाही, तर वाय-फायचा पासवर्ड बदला. त्याने सगळेच बाहेर पडतात, आत फक्त ज्यांना नवा पासवर्ड दिलाय तेच येतात.

भाडेकरू बदलला, पीजीमधून कुणी सोडून गेलं, जुना राउटर कुणाला दिला, तेव्हाही हेच करायचं. राउटर देऊन टाकण्याआधी मात्र रिसेटचं ते बारीक बटण जरूर दाबा. त्याचा खरा उपयोग तेव्हाच आहे.