एसटीपी बांधला, आता तो चालवणार कोण?

ताज्या एपिसोडचं हे लेखी रूप. बोलताना दर दोन वाक्यांनंतर येणारं माझं 'म्हणजे काय की' आणि मागे ओरडणारा कोंबडा काढून टाकलाय. आकडे मात्र सगळे ठेवलेत. ऐकताना ते डोक्यावरून जातात अशी तुमची तक्रार असते, तर आता निवांत वाचा.

विषय आहे सांडपाणी. थांबा, लगेच दुसरीकडे पळू नका.

मे महिन्यात मालवणला घरी गेलो होतो. ऐन सीझन. शेजारच्या होमस्टेची सेप्टिक टाकी भरून वर आली. उपसायची गाडी मिळायला चार दिवस लागले, कारण गाडी एक आणि बोलावणारे पन्नास. त्या चार दिवसांत पाहुण्यांना काय काय सांगितलं ते जाऊ दे. मी आजीला विचारलं, आपली टाकी शेवटची कधी उपसली? ती म्हणाली, "पाणी खंय जाता तां बघूक कोण जाता?"

आजीचं हे वाक्य घेऊन मी पुण्याला परत आलो आणि दोन आठवडे त्याच्यामागे लागलो. आपल्याकडे सांडपाण्याची चर्चा झाली की एकच सूर ऐकू येतो, की प्रकल्प नाहीत, योजना रखडली. आमच्या मालवणात 'भुयारी गटार योजना रखडली' हे वाक्य ऐकत एक अख्खी पिढी मोठी झाली. मलाही वाटायचं, एकदा बांधून झालं की सुटलं. मग केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०२१ चा अहवाल वाचला.

त्यातला महाराष्ट्राचा हिशेब असा. आपल्या शहरांत रोज ९,१०७ एमएलडी सांडपाणी तयार होतं. एक एमएलडी म्हणजे रोजचे दहा लाख लिटर. शुद्ध करायची बांधलेली क्षमता ६,८९० एमएलडी. प्रत्यक्षात शुद्ध होतं ४,२४२.

आता वजाबाकी करा. जे बांधलेलंच नाही, ते २,२१७ एमएलडी. जे बांधून तयार आहे पण वापरात येत नाही, ते २,६४८ एमएलडी. म्हणजे न बांधलेल्यापेक्षा बांधून पडून असलेलं जास्त! ही वजाबाकी केल्यावर मी दहा मिनिटं चहा हातात धरून बसलो होतो. देशाचं चित्रही फार वेगळं नाही. ७२,३६८ एमएलडी तयार होतं, क्षमता ३१,८४१ ची, शुद्ध होतं २०,२३५.

आता हे सगळं बंद पंपांमुळे होतं असं म्हणणं चुकीचं ठरेल. काही ठिकाणी प्रकल्प उभा असतो, पण घराघरांतून तिथपर्यंत नळ्याच पोचलेल्या नसतात. पण बाकीच्या ठिकाणी काय होतं, ते समजायला आधी एसटीपी जगतो कसा हे बघावं लागेल.

जगतो हा शब्द मी मुद्दाम वापरला. एसटीपी म्हणजे मोठी गाळणी असं मला वाटायचं. तसं नाहीये. त्याच्या मधल्या टाकीत अब्जावधी जीवाणू असतात, आणि खरं काम तेच करतात. आपण जे सोडून देतो ते त्यांचं जेवण. त्यांना हवा लागते, म्हणून ब्लोअर दिवसरात्र खालून हवा सोडत असतात. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला साधारण दोन मिलिग्रॅमच्या आसपास ठेवावा लागतो. हवा काही तास बंद झाली की हे जीव गुदमरायला लागतात, पाणी काळं पडतं, वास सुटतो. ब्लोअर परत सुरू केला की लगेच सगळं पूर्ववत होत नाही. नवी फौज तयार व्हायला दिवस, कधी आठवडे जातात. आपला सर्व्हर रीस्टार्ट होतो. हा होत नाही. घरच्या विरजणासारखं आहे ते. एकदा बिघडलं की दुसऱ्याकडून चमचाभर मागून आणावं लागतं, आणि खरोखरच दुसऱ्या प्रकल्पातून टँकरने गाळ आणून टाकी 'विरजतात'.

दुसरी गोष्ट म्हणजे गाळ. जीवाणू खातात तसे वाढतात. वाढलेला गाळ रोज थोडा बाहेर काढून, दाबून, वाळवावा लागतो. समजा, गाळ दाबायच्या यंत्राचा पट्टा तुटला. किरकोळ सुटा भाग. पण तो मागवायला कागद वर जाणार, मंजुरी येणार, मग खरेदी. तोवर गाळ टाकीतच साठतो. मग तो नीट बसत नाही, तरंगायला लागतो आणि 'शुद्ध' पाण्याबरोबर नदीत जातो. बाहेरून बघाल तर प्रकल्प सुरू आहे. पंपांचा आवाज येतोय, रजिस्टरात सही आहे.

हे आधीच ओळखायची चाचणी इतकी साधी आहे की मला हसू आलं. एक लिटरचा काचेचा मोजपात्र घ्यायचा, टाकीतलं पाणी भरायचं, अर्धा तास ठेवायचं आणि गाळ कुठल्या रेघेपर्यंत बसला ते बघायचं. सेन्सर नाही, डॅशबोर्ड नाही. पण रोज ते करणारा आणि 'अरे, कालच्यापेक्षा आज वेगळं दिसतंय' असं म्हणणारा माणूस पाहिजे.

माणूस आला की हिशेब आला. एसटीपीला रविवार नसतो, गणपतीची सुट्टी नसते. आठ तासांच्या तीन पाळ्या गुणिले सात दिवस म्हणजे आठवड्याला २१ पाळ्या. एक माणूस सहा पाळ्या करतो. म्हणजे एकच खुर्ची सतत भरलेली ठेवायला साडेतीन माणसं लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं की साडेचार. आता एका मध्यम प्रकल्पात ऑपरेटर, मदतनीस, इलेक्ट्रिशियन आणि फिटर अशा चारच खुर्च्या धरा. झाली अठरा माणसं, आणि प्रयोगशाळा वेगळीच. पुण्यात जपानच्या जायकाच्या कर्जातून ११ ठिकाणी मिळून ३९६ एमएलडीचे प्रकल्प घ्यायचं २०१६ मध्ये ठरलं, भूमिपूजन ६ मार्च २०२२ ला झालं. माझ्या या ढोबळ हिशेबाने अकरा ठिकाणांना दोनशेच्या आसपास माणसं लागतील, मग ती पालिकेची असोत की ठेकेदाराची. भूमिपूजनाच्या बातम्यांमध्ये क्षमता होती, खर्च होता. ही दोनशे माणसं मला कुठे दिसली नाहीत.

अठराच्या जागी नऊच असली तर काय होतं? जे आमच्या ऑन-कॉल टीममध्ये होतं तेच. पाळ्या बारा तासांच्या होतात. जो आहे तो बिघडलेलं सुरू करण्यात अडकतो. बेअरिंगला ग्रीस घालणं, झडपा फिरवून बघणं, राखीव पंप महिन्यातून एकदा चालवून बघणं, ही 'आज नाही केलं तरी चालेल' अशी कामं मागे पडतात. सहा महिन्यांनी तीच कामं बिघाड होऊन परत येतात, आणि त्या बिघाडांमागे तीच नऊ माणसं धावतात. कामांची थकबाकी अशी व्याजासकट वाढते. आम्ही याला टेक्निकल डेट म्हणतो आणि त्यावर कॉन्फरन्स भरवतो.

मग भरती का नाही करत? इथे एक नियम कळला, तो समजल्यावर बऱ्याच बातम्यांचा अर्थ लागला. पालिकांनी पगार आणि आस्थापनेवरचा खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवावा अशी राज्य सरकारची अट आहे. त्याच्या वर गेलं की नवी भरती अडते. नियमामागचा हेतू समजू शकतो, सगळा पैसा पगारातच जायला नको. पण पालिकेचं उत्पन्न वाढलं नाही, जकात गेली, २०१५ मध्ये एलबीटीही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी गेला, आणि पगार मात्र वाढत राहिले, की टक्केवारी आपोआप फुगते. माणसं निवृत्त होतात, पद 'रिक्त' म्हणून कागदावर राहतं. काम तर करायलाच हवं, म्हणून ते ठेक्यावर जातं. ठेकेदाराचं बिल आस्थापना खर्चात धरलं जात नाही. खर्च तोच, फक्त हेड बदललं.

ठेका वाईटच असतो असं मला म्हणायचं नाही. पण सर्वात कमी बोलीवाल्याला काम दिलं तर तो बचत कुठे करणार? वीज तर लागणारच. उरतात माणसं आणि सुटे भाग. आणि बांधायला पैसे येतात दिल्ली-मुंबईतून. अमृत आणि स्वच्छ भारतचे दुसरे टप्पे १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाले, त्यातून नवे प्रकल्प मिळतात. चालवायचा रोजचा खर्च मुख्यतः गावाच्या गळ्यात. फीत कापायला सगळे येतात. ग्रीस घालायचा कार्यक्रम पत्रिकेवर छापत नाहीत.

'आपल्याकडे असंच' म्हणून मान हलवणार असाल तर बाल्टिमोरचं ऐका. अमेरिकेतल्या या शहराचा बॅक रिव्हर नावाचा प्रचंड प्रकल्प आहे, आपल्या मापात जवळपास ६८० एमएलडी. तपासणीत तिथे बंद यंत्रं, थकलेली दुरुस्ती आणि माणसांची टंचाई असं सगळं निघालं, आणि मार्च २०२२ मध्ये मेरीलँड राज्याने प्रकल्पाचा कारभार सुधारायला स्वतःची यंत्रणा आत घुसवली. पैसा तिथेही होता. प्रशिक्षित ऑपरेटर नव्हते.

माझ्या आधीच्या भाड्याच्या घराच्या सोसायटीतही छोटा एसटीपी होता. रात्री ब्लोअर बंद ठेवायचे, वीजबिल वाचतं म्हणून. सकाळी खाली उतरलं की वास. तेव्हा मी नाक दाबून स्कूटर काढायचो, त्यापलीकडे काही विचारलं नाही. आता कळतंय, रोज रात्री तिथे काय मरत होतं.

आणि माणसं मरतात ती वेगळीच. सक्शनची गाडी नादुरुस्त किंवा दुसरीकडे गेलेली, चेंबर तुंबलेलं, वर लोक ओरडतायत, अशा वेळी कोणीतरी कंत्राटी माणसाला 'जरा उतर' म्हणतं. आत हायड्रोजन सल्फाईड असतो. कमी असताना त्याचा सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकाची जाणीवच बंद पडते. वास थांबला म्हणून माणसाला वाटतं गॅस गेला, आणि तो आणखी खाली उतरतो. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूला दहा लाखांची भरपाई ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. म्हणजे देखभालीच्या थकबाकीचा शेवटचा हप्ता कोण भरतं, ते बघा. त्याचं नाव पालिकेच्या हजेरीपटावर बहुतेक वेळा नसतंच.

चालणारी उदाहरणं आहेत का? आहेत. नागपुरात भांडेवाडीचं शुद्ध केलेलं पाणी महाजेनकोची वीजकेंद्रं घेतात. गिऱ्हाईक दारात उभं असलं की पाणी काळं येऊन चालत नाही, आणि पैसाही फिरत राहतो. पण कोळशाचं वीजकेंद्र काही प्रत्येक गावाला मिळणार नाही, आणि मालवणला तर नकोच.

आपल्या मापाचं गाव म्हणजे वाई. तिथेही घरोघरी सेप्टिक टाक्याच. वाईने नियम केला की टाकी भरून वर यायची वाट बघायची नाही. दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी वेळापत्रकाने उपसायची, गाळ गावाच्या मैला प्रक्रिया केंद्रात न्यायचा, आणि खर्च स्वच्छता करातून. ठेकेदाराचे पैसे प्रत्यक्ष कामाशी बांधलेले. आमच्या भाषेत, क्रॅश झाल्यावर धावण्याऐवजी क्रॉन जॉब लावला. गाडीवाल्याला आधीच माहीत असतं, मंगळवारी कुठली गल्ली.

मालवणला हे जास्तच लागू पडतं. आमच्याकडे रेती नाहीतर जांभा, दोन्हीतून पाणी झरझर झिरपतं. टाकी इकडे, बाव तिकडे, मध्ये थोडीशी वाडी. पावसात जमिनीतलं पाणी वर येतं तेव्हा दोघांतलं अंतर आणखी कमी होतं. पाच माणसांसाठी बांधलेली टाकी डिसेंबरात वीस पाहुणे सांभाळते. आणि समोर १९८७ साली जाहीर झालेलं सागरी अभयारण्य, ज्यातली प्रवाळं दाखवून आम्ही स्नॉर्केलिंगचे पैसे घेतो.

त्यामुळे पुढे कधी आमच्याकडे योजना मंजूर झाल्याची बातमी आली, तर मी किती कोटींची हे विचारणार नाही. रात्री दोन वाजता तिथे कोण असेल, त्याचा पगार कुठल्या हेडमधून निघेल आणि राखीव पंप शेवटचा कधी चालवला होता, एवढंच विचारणार आहे.

तोवर घरची टाकी. परवा फोन करून आजीला सांगितलं, गणपतीच्या आधी गाडी बोलावतोय. ती म्हणाली, "भरली नाय तर कित्याक?" मी वाईची गोष्ट सांगायला घेतली. तिने पूर्ण ऐकली आणि विचारलं, "पैशे कोण देतलो?"

मी देतोय. गाडी एकवीस तारखेला येतेय.