टाका न घालता निघणारी गाठ

आंघोळ करताना हाताला स्तनात सुपारीएवढी गाठ लागते. दुखत नाही, बोटाखालून निसटते. पण त्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. 15 ते 35 वयातल्या मुली-महिलांमध्ये अशी गाठ बहुतेक वेळा फायब्रोअ‍ॅडिनोमा निघते. हा कर्करोग नव्हे. दाबली की सरकते म्हणून इंग्रजीत तिला ‘स्तनातला उंदीर’ म्हणतात.

अशी गाठ काढायची म्हणजे चिरा, टाके आणि जन्मभराचा व्रण, हे आता दर वेळी खरे नाही.

1995च्या सुमारास बायोप्सीसाठी एक नवी सुई आली. तपासणीपुरते तुकडे काढता काढता लहान गाठ पुरतीच निघू शकते, हे लक्षात आले. 2002मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने साध्या गाठी काढण्यासाठी तिला मान्यता दिली. 2006मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्य संस्थेनेही तिच्याविषयी मार्गदर्शन जारी केले.

काम असे चालते : तेवढाच भाग बधिर करून 3 ते 5 मिलिमीटरचे छिद्र पाडतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत सुई गाठीच्या खाली नेतात. सुईच्या बाजूला खिडकी असते. निर्वात दाबाने गाठीचा भाग त्या खिडकीत ओढला जातो, आतले फिरते पाते तो कापते आणि तुकडा नळीतून बाहेर येतो. सुई पुन्हापुन्हा टोचावी लागत नाही. शेवटी काही मिनिटे जोराने दाबून धरतात, चिकटपट्टी लावतात, घट्ट बांधतात. बहुतेक जणी त्याच दिवशी घरी जातात. काही दिवस तिथे काळेनिळे राहते. क्वचित रक्त साकळते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायला हवे.

मात्र गाठ तुकड्यातुकड्यांनी निघत असल्याने तिच्या कडा तपासता येत नाहीत. म्हणूनच कर्करोगाचा किंवा फायलॉइड्स नावाच्या गाठीचा संशय असेल, तर ही पद्धत उपचार म्हणून चालत नाही. साधारण 3 सेंटिमीटरहून मोठ्या गाठीलाही सहसा शस्त्रक्रियाच बरी. शिवाय थोडा अंश मागे राहून गाठ पुन्हा वाढू शकते.

आणि छिद्र लहान आहे, एवढ्यावरून गाठ काढायलाच हवी असे होत नाही. निदान पक्के झालेल्या कित्येक गाठींवर नुसती नजर ठेवली तरी पुरते. काही आपोआप आक्रसतात. वाढणारी, दुखणारी किंवा मन खाणारी गाठ मात्र जरूर काढावी.

त्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्या, सोनोग्राफी आणि गरजेप्रमाणे बायोप्सी करा. गाठ काढल्यावर तुकड्यांचा पॅथॉलॉजी अहवाल मागून घ्या आणि जपून ठेवा.