सुगंधी स्ट्रॉबेरी : लागवड व पाककृती (नागपूरच्या नंदनवन परिसरातील गच्चीवरील बागेच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

महाराष्ट्रात स्ट्रॉबेरी म्हटले की महाबळेश्वर-पाचगणी हा परिसर डोळ्यांसमोर येतो. तेथील स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. हेच फळ जानेवारीत नागपूरच्या बाजारात प्लॅस्टिकच्या पारदर्शक डब्यांतून येते. रंग लालभडक असतो, परंतु डबा उघडल्यावर दरवळ मात्र क्वचितच जाणवतो. फळाचा सुगंध वाटेत का हरवतो व नंदनवनसारख्या दाट वस्तीतील गच्चीवर तो परत मिळविता येईल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सुगंधाचे शास्त्र

आजची बागायती स्ट्रॉबेरी ही दोन अमेरिकी जातींची संकरित संतती होय. फ्रेझिए या फ्रेंच अधिकाऱ्याने 1714 मध्ये चिलीतून मोठ्या फळांची रोपे फ्रान्समध्ये आणली. तेथे उत्तर अमेरिकेतील व्हर्जिनियाना जातीशी त्यांचा संकर झाला आणि 1766 मध्ये द्युशेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने तो ओळखला. या संकराच्या ‘अननासा’ या नावातच अननसासारख्या वासाची नोंद आहे. म्हणजे नामकरण करणाऱ्यांना या फळाचा वास रंगाइतकाच महत्त्वाचा वाटला होता. आधुनिक बाजारपेठेला तो तसा वाटत नाही, ही खेदाची बाब आहे.

हा वास एखाद्या द्रव्याचा नसून अनेक द्रव्यांचा मेळ असतो. एस्टर वर्गातील द्रव्ये ताज्या फळाची टवटवी देतात, तर फ्युरॅनिऑल हे द्रव्य जळत्या साखरेसारखा गोड, खमंग वास देते. ही द्रव्ये फळ पूर्ण पिकतानाच, शेवटच्या काही दिवसांत झपाट्याने वाढतात. आंबा वा केळे अढीत पिकते, तशी स्ट्रॉबेरी तोडल्यानंतर पिकत नाही. तिचा रंग गडद होतो, पण गोडी वाढत नाही. महाबळेश्वर ते नागपूर हे अंतर रस्त्याने सुमारे 800 किलोमीटर आहे. एवढा प्रवास सोसावा म्हणून फळ काहीसे आधी तोडावे लागते. शिवाय व्यापारी वाण निवडताना टणकपणा व उत्पन्न यांना प्राधान्य मिळते. यात शेतकऱ्याचा दोष नाही. पूर्ण पिकलेले फळ दोन दिवसांत नासते आणि त्याचा तोटा त्यालाच सोसावा लागतो.

नागपुरातील लागवड

नागपूरचे हवामान या पिकाला प्रतिकूल समजले जाते व मे महिन्याचा विचार केला तर ते खरेच आहे. परंतु स्ट्रॉबेरीला कळ्या धरण्यासाठी लहान दिवस व थंड रात्री लागतात आणि नागपूरचा डिसेंबर-जानेवारी या दोन्ही गोष्टी पुरवतो. विदर्भातच चिखलदऱ्याच्या थंड पठारावर शेतकऱ्यांनी हे पीक घेतले आहे. नागपूरच्या सपाटीवर मात्र हंगाम आखूड राहतो. ऑक्टोबरअखेर रोप लावल्यास जानेवारी ते मार्चचा आरंभ एवढाच काळ फळे मिळतात. पारा 30 अंशांच्या वर राहू लागला की फळ लहान व निस्तेज होते.

दुसरी अडचण मातीची. येथील काळी कापसाची जमीन चुनखडीयुक्त व पाणी धरून ठेवणारी असते; स्ट्रॉबेरीला 5.5 ते 6.5 सामूची, निचऱ्याची माती हवी. म्हणून जमिनीपेक्षा कुंडीच बरी. कुजलेले शेणखत, नारळाचा भुसा व जाड वाळू यांचे मिश्रण भरावे. रोपाचा कोंब, जेथून पाने फुटतात तो भाग, मातीच्या बरोबर पातळीला असावा. तो गाडला गेला तर सडतो, उघडा राहिला तर वाळतो. बहुतेक रोपे याच एका चुकीने दगावतात. वर धानाचे तणस अंथरल्यास ओल टिकते व फळ मातीला टेकत नाही. उंच गच्चीवर मधमाश्या कमी फिरकत असतील तर मऊ कुंचला फुलांवरून हलकेच फिरवावा, अन्यथा फळ वेडेवाकडे धरते. स्वीट चार्ली हा लवकर फळणारा वाण अशा आखूड हंगामाला सोयीचा आहे.

फळ देठापर्यंत लाल झाल्यावर, सकाळी, देठासह तोडावे. हीच घरच्या बागेची खरी मिळकत. ट्रकला न परवडणारी गोष्ट गच्चीला परवडते.

स्वयंपाकातील उपयोग

फळ खाण्यापूर्वीच धुवावे व फ्रिजमधून तासभर आधी बाहेर काढावे. थंडीत वास दबतो. श्रीखंडात घालायचे असल्यास फोडींवर थोडी साखर पसरून अर्धा तास ठेवावे, सुटलेला रस चक्क्यात घोटावा व फोडी वाढताना मिसळाव्यात. वेलची-जायफळ टाळावे, ती या नाजूक वासाला झाकून टाकतात.

मुरंबा करताना फळ व साखर एकत्र तासभर उकळण्याची पद्धत घातक आहे. एस्टर द्रव्ये वाफेबरोबर उडून जातात, रंग विटतो आणि केवळ फ्युरॅनिऑलचा खमंगपणा उरतो. त्याऐवजी 1 किलो फळांना 600 ते 700 ग्रॅम साखर लावून रात्रभर ठेवावे. सकाळी फक्त रस गाळून घट्ट आटवावा, मग फळे व दोन लिंबांचा रस घालून अल्पकाळ उकळी द्यावी. स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी असल्याने लिंबाचे आम्ल मुरंबा आळण्यास मदत करते. चार-सहा अर्धवट पिकलेली फळे मिसळल्यास आणखी बरे. साखर कमी असल्याने हा मुरंबा फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवावा.

एप्रिलमध्ये रोपे जमिनीलगत लांब धावती खोडे सोडतात, ज्यांना शेतकरी ‘रनर’ म्हणतात. ती छोट्या कुंड्यांत रुजवून सावलीत जगविण्याचा प्रयत्न करता येतो. पण नागपूरच्या मे महिन्यात त्यांपैकी थोडीच तगतात, व बहुतेकांना ऑक्टोबरमध्ये नवी रोपे मागवावी लागतात.